देवाचे शेत

शास्त्रपाठ : उत्पत्ती २३:१-२०, योहान १९:३८-४२, १ करिंथ १५:२०-४४

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मी माझ्या आजोबांची कबर शोधावयास गेलो होतो. मराठवाड्यातील एका लहानशा खेड्यात ते मिशनच्या शाळेचे मास्तर व तेथील मंडळीचे उपदेशक होते. माझ्या जन्मापूर्वीच ते प्रभूत निजले. वडिलांनी खूण सांगून ठेवली होती : गावाच्या पूर्वेस, ओढ्यापलीकडे ख्रिस्ती लोकांची दफनभूमी, तीत एक कडुलिंब, लिंबाच्या पायथ्याशी तीन कबरी, त्यांतील मधली आजोबांची. ओढा सापडला. लिंबही सापडला. लिंबाखाली मात्र घाणेरीचे व बाभळीचे रान माजले होते. मातीचे उंचवटे कित्येक पावसाळ्यांनी सपाट करून टाकले होते आणि दगड एकही उरला नव्हता. मंडळीतील एक वृद्ध भगिनी सोबत आल्या होत्या. त्यांनी हातातील काठीने जमिनीवर एक रेघ ओढली व म्हणाल्या, "इथंच कुठंतरी, बाबा. आमचे मास्तर इथंच हायेत." त्या रेघेपाशी उभे राहून मी प्रार्थना केली व परतलो.

परतीच्या वाटेवर एक प्रश्न मनास टोचत राहिला. कबर सापडली नाही याचे मला दुःख का व्हावे? आपला विश्वास पुनरुत्थानावर आहे. जो प्रभू मृतांस उठविणार आहे, त्याला दगडाच्या खुणेची गरज नाही. मग कबरीचे जतन करणे, जुन्या दफनभूमीत जाऊन तेथील नावे वाचणे, तेथील शांततेत काही काळ बसणे, हे सारे केवळ भावनेचे लाड आहेत काय? आणि तसे असेल, तर विश्वासणाऱ्यांचा पिता अब्राहाम याने एका कबरीसाठी चारशे शेकेल रुपे का तोलून द्यावे?

प्रिय वाचकहो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम शास्त्राकडे जाऊ, नंतर शास्त्रातील काही शब्दांकडे, आणि मग युरोपातील एका जुन्या ग्रामीण दफनभूमीकडे. ती दफनभूमी दूरची असली तरी परकी नाही. आपल्या हाती असलेल्या मराठी शास्त्राशी तिचे नाते आहे. ते कोणते, हे योग्य ठिकाणी येईलच.

१. विकत घेतलेले पहिले शेत

उत्पत्तीचा तेविसावा अध्याय आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो. सारा एकशे सत्तावीस वर्षांची होऊन हेब्रोन येथे मरण पावली. अब्राहाम तिच्यासाठी रडला, आणि मग उठून हेथींकडे कबरीसाठी जागा मागू लागला. आपण परके व उपरे आहोत, असे तो त्यांस प्रथमच सांगतो. हेथी लोक उदारपणाने आपल्या उत्तम कबरींपैकी कोणतीही देऊ करतात. अब्राहाम ती घेत नाही. त्याला एफ्रोनाच्या शेताच्या टोकाची मकपेलाची गुहा हवी आहे, आणि तीही पुरे मोल देऊन.

यापुढील मजकूर एखाद्या खरेदीखतासारखा आहे. वेशीत बसलेल्या साक्षीदारांसमोर रुपे तोलले जाते. काय विकत घेतले त्याची यादी दिली आहे : शेत, त्यातील गुहा आणि शेताच्या चतुःसीमेतील सारी झाडे. झाडांचा हा उल्लेख माझ्या मनात नेहमी रेंगाळतो. शास्त्रातील ही पहिली दफनभूमी गावाबाहेरची, शेतातली व झाडांच्या सावलीतली आहे.

देवाने अब्राहामास सारा देश देऊ केला होता. तरी त्याच्या हयातीत मोल देऊन व साक्षीदारांसमक्ष त्याच्या मालकीची झाली ती ही एवढीच जमीन. स्तेफन तर सांगतो की वतन म्हणून पाऊलभर जमीनही देवाने त्याला त्या वेळी दिली नव्हती (प्रेषितांची कृत्ये ७:५). अब्राहामाचे हे कृत्य निव्वळ शोकाचे नव्हते. ज्या देशाचे वचन मिळाले आहे त्याच देशात मी माझ्या प्रियजनांस ठेवतो, असे तो आपल्या कृतीने म्हणत होता. पुढे तो स्वतः, इसहाक, रिबेका, लेआ व याकोब त्याच गुहेत ठेवले गेले. कबर ही वचनाची बोली म्हणून दिलेली रक्कम होती.

२. शब्द काय सांगतात?

माझे काम शास्त्राच्या भाषांतराचे असल्यामुळे शब्दांपाशी थांबण्याची मला सवय आहे. येथे चार शब्द ध्यानात घेण्याजोगे आहेत.

पहिला शब्द 'कबर'. तो अरबी भाषेतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि येथलाच होऊन गेला. अरबी व इब्री या भगिनीभाषा असल्यामुळे उत्पत्ती २३ मधील मूळ इब्री शब्द 'केबेर' हा आपल्या 'कबर' शब्दाचा सख्खा नातलग आहे. खेड्यातील एखादी निरक्षर आजी 'कबर' म्हणते, तेव्हा अब्राहामाने हेब्रोनच्या वेशीत उच्चारलेल्या शब्दाचाच एक प्रतिध्वनी तिच्या तोंडून निघत असतो.

दुसरा शब्द ग्रीक : 'म्नेमेइऑन'. शुभवर्तमानांत येशूच्या कबरीसाठी तो वारंवार येतो. त्याचा धातू 'स्मरण' या अर्थाचा आहे. म्हणजे कबर ही आठवणीची जागा. योहान ५:२८ मध्ये प्रभू सांगतो की कबरीतील सर्व जण त्याची वाणी ऐकतील, तेथेही हाच शब्द आहे. मानवाने ज्यांची आठवण ठेवली व ज्यांची विसरली, ते सर्व या 'स्मरणस्थानां'तच गणले गेले आहेत. आपली स्मृती संपते तेथे देवाची संपत नाही.

तिसरा शब्दही ग्रीकच : 'कोइमेतेरिऑन', म्हणजे निजण्याची जागा. इंग्रजीतील 'सेमेटरी' हा शब्द त्यापासूनच आला. प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला हे नाव दिले, कारण लाजर निजला आहे असे प्रभूनेच म्हटले होते (योहान ११:११). शिष्यांना त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही, आणि भाषांतरकाराची अडचणही नेमकी येथेच आहे. 'झोपला' असे लिहावे तर वाचक शिष्यांप्रमाणे फसतो. 'मेला' असे लिहावे तर आशा हरवते. आपल्या परिचित मराठी शास्त्रात 'महानिद्रा' हा शब्द योजलेला आढळतो. मात्र लौकिक मराठीत महानिद्रा म्हणजे जिला पहाट नाही अशी झोप. ख्रिस्ती वाचकाने त्या शब्दात पहाट आपल्या विश्वासाने घालावयाची असते. चौथ्या शतकातील थोर उपदेशक योहान ख्रिसोस्तोम याने एका प्रवचनात हेच सांगितले : येथे असलेले मेलेले नसून निजलेले आहेत हे तुम्हांस कळावे, म्हणून या जागेस हे नाव आहे. आपल्या 'स्मशान' या शब्दाची फोडही यास्काच्या निरुक्तात 'शरीराची शय्या' अशीच केली आहे. शय्येची कल्पना सर्वत्र आहे. उठण्याची घोषणा ख्रिस्ताच्या रिकाम्या कबरीतून झाली.

चौथा शब्द जर्मन आहे : 'गॉटेसआकर', म्हणजे 'देवाचे शेत'. युरोपात मध्ययुगात प्रेते चर्चच्या आवारात पुरीत असत. पुढे गावाबाहेर, शेताच्या बाजूस दफनभूमी होऊ लागल्या आणि त्यांस हे नाव पडले. साथीच्या दिवसांत ख्रिस्ती मनुष्याने गाव सोडून पळावे काय, या विषयावर मार्टिन लूथरने १५२७ साली एक पत्रिका लिहिली. तीत त्याने दफनभूमीविषयीही आपले मत दिले आहे. विटेनबर्गचे चर्चचे आवार म्हणजे येण्याजाण्याचा रस्ता होऊन बसले आहे, अशी त्याची तक्रार होती. दफनभूमी गावाबाहेर, शांत व आदराची असावी. तेथे मनुष्याने भक्तिभावाने फिरावे, आणि मरण, न्याय व पुनरुत्थान यांचे मनन करून प्रार्थना करावी, असे तो म्हणतो. दफनभूमीस भेट देणे हे भावनेचे लाड आहेत काय, या आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. दुसऱ्या अर्ध्यासाठी त्या 'शेता'त उतरून पाहिले पाहिजे.

३. हुटबर्गच्या उतारावर

काही वर्षांपूर्वी भाषांतरकारांच्या एका बैठकीच्या निमित्ताने जर्मनीस जाण्याचा योग आला. बैठक आटोपल्यावर एक दिवस हाती उरला. तो मी हर्नहूट या लहानशा गावासाठी राखून ठेवला. सॅक्सनी प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यात, पोलंड व चेक देशांच्या सीमांजवळ हे गाव आहे. मोराव्हियातून छळामुळे पळून आलेल्या काही कुटुंबांस काउंट झिंझेनडॉर्फ या तरुण सरदाराने आपल्या जहागिरीत आश्रय दिला. १७ जून १७२२ रोजी ख्रिश्चन डेव्हिड नावाच्या सुताराने तेथे पहिले झाड तोडले आणि गावास आरंभ झाला. 'हर्नहूट' म्हणजे प्रभूची राखण. जवळच्या टेकडीचे नाव हुटबर्ग. तिच्याच उतारावर १७३० साली या मंडळीने आपले 'देवाचे शेत' आखले.

गावातून टेकडीकडे जाणारी वाट लिंडेनच्या दुतर्फा रांगांतून जाते. लिंडेनचे पान हृदयाच्या आकाराचे असते. पाहताच आपल्या पिंपळाची आठवण व्हावी. मे महिना होता व पालवी नुकतीच फुटली होती. पक्ष्यांच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता. दफनभूमीच्या प्रवेशद्वारावर १ करिंथ १५:२० हे वचन दोन भागांत लिहिले आहे. आत जाणाऱ्यास बाहेरच्या अंगाला ख्रिस्त मेलेल्यांतून उठला आहे, ही घोषणा दिसते. बाहेर पडणाऱ्यास आतल्या अंगाला वचनाचा उरलेला भाग दिसतो : तो निजलेल्यांतील प्रथमफळ आहे. शोक करीत येणाऱ्यास आधी ख्रिस्ताविषयी सांगितले जाते, आणि प्रियजनास मातीत ठेवून परतणाऱ्यास त्या प्रियजनाविषयी. एकाच वचनाचे दोन भाग आणि मध्ये सारे शेत. पुनरुत्थानाच्या अध्यायाचा याहून उत्तम वर्ग मी कोणत्याही महाविद्यालयात पाहिलेला नाही.

'प्रथमफळ' हा शब्द शेतकऱ्याचा आहे. लेवीय २३:१० मध्ये पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणण्याची आज्ञा आहे. पहिली पेंढी आली म्हणजे बाकीचे पीक शेतात उभे आहे, याची साक्ष पटते. ख्रिस्त उठला, ही एकट्याची वार्ता नाही. सुगी सुरू झाली असल्याची ती वार्ता आहे. म्हणूनच पौल पुढे पुरण्याला पेरणे म्हणतो : शरीर दुर्बलतेत पेरले जाते, सामर्थ्यात उठविले जाते (१ करिंथ १५:४२-४४).

४. समान शिळा

आत गेल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ती समानता. उंच स्तंभ नाहीत, पुतळे नाहीत, कुटुंबाकुटुंबांचे वेगळे चौथरे नाहीत. छाटलेल्या लिंडेनच्या कुंपणांमधून हिरवळीवर आडव्या पसरलेल्या साध्या शिळांच्या रांगा आहेत. त्यांवर शेवाळ चढले आहे. शिळेवर नाव, जन्माचे ठिकाण व तारखा असतात, आणि मरणासाठी 'घरी गेला' अथवा 'घरी गेली' अशा अर्थाचा शब्द. परंपरेने बंधू एका बाजूस व भगिनी दुसऱ्या बाजूस, आणि ज्या क्रमाने मरण आले त्या क्रमानेच जागा. श्रीमंताने आगाऊ पैसे भरून चांगला कोपरा राखावा, अशी सोय नाही. मंडळीत जसे बसावे तसेच ते मातीतही बसले आहेत.

माणूस मेला म्हणजे वाद्यवृंद गावाला भजनाच्या स्वरांनी कळवीत असे. दफनाच्या वेळी मृताचा जीवनवृत्तांत वाचला जाई, आणि तो बहुधा त्याने स्वतःच लिहून ठेवलेला असे. सुतार, विणकर, दासी, विधवा, सर्वांनी आपण कसे चुकलो व प्रभूने कसे धरून ठेवले, ते लिहिले. असे हजारो वृत्तांत हर्नहूटच्या दप्तरखान्यात आजही जतन केलेले आहेत. शिळेवर फारसे काही लिहीत नसत, पण माणूस विसरला जात नसे. माझ्या आजोबांच्या कबरीवर दगड नाही आणि त्यांच्या हातचे एक पानही घरात उरलेले नाही, हे मला तेथे आठवले.

१७३२ सालच्या ईस्टरला गावातील तरुण पहाटेच्या अंधारात या टेकडीवर जमले व उगवत्या सूर्यासमोर त्यांनी पुनरुत्थानाची भजने गाइली. ती प्रथा पुढे जगभरच्या मोरेव्हियन मंडळ्यांत गेली, आणि इतर मंडळ्यांनीही ती उचलली. आपल्याकडे ईस्टरच्या पहाटे मेणबत्त्या घेऊन दफनभूमीकडे जाणारी मंडळी पाहिली की मला त्या तरुणांची आठवण होते.

२०२४ साली जागतिक वारशाच्या यादीत हर्नहूटचा समावेश झाला. डेन्मार्कमधील ख्रिस्टियान्सफेल्ड हे याच मंडळीचे गाव २०१५ सालीच त्या यादीत आले होते. त्याच्या जोडीला आता हर्नहूट, अमेरिकेतील बेथलेहेम व उत्तर आयर्लंडमधील ग्रेसहिल ही वसतिस्थाने घेण्यात आली. त्यामुळे पाहुण्यांची वर्दळ वाढेल. पण पाहुण्यांसाठी ही जागा बांधली नव्हती, हे तेथे फिरताना विसरता येत नाही.

५. शेत निर्दोष नव्हते

सत्य सांगावयाचे तर या समानतेलाही अपवाद आहे. शेताच्या मधोमध झिंझेनडॉर्फ घराण्याच्या कबरी आहेत, आणि त्यांवरील शिळा मोठ्या व उंच आहेत. काउंट ९ मे १७६० रोजी मरण पावला. त्याच्याजवळच त्याची दुसरी पत्नी ॲना निट्शमान आहे. ती मोराव्हियातून आलेल्या एका सामान्य घरातली मुलगी. १७३० साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, भगिनींची वडील म्हणून तिची निवड झाली. पतीनंतर बाराच दिवसांनी, २१ मे १७६० रोजी तीही गेली. सरदाराशेजारी सामान्य घरातली कन्या विसावली आहे. तरीही शिळा मात्र सरदारी राहिली. मानाची हाव दफनभूमीच्या फाटकाशी थांबत नाही.

याहून गंभीर गोष्टही आहे. २१ ऑगस्ट १७३२ रोजी लिओनार्ड डोबर व डेव्हिड निट्शमान हे या गावातून कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावरील गुलामांस सुवार्ता सांगण्यासाठी निघाले. त्यांच्या धैर्याच्या कथा आपण रविवारच्या शाळेत ऐकलेल्या आहेत. पुढे त्याच बेटावर मिशनने मळा विकत घेतला, आणि त्या मळ्यासोबत गुलामही विकत घेतले, हे मात्र आपणांस कोणी सांगितले नाही. नीतिमानांच्या कबरी शृंगारणाऱ्यांस प्रभूने मत्तय २३:२९ मध्ये जो कडक शब्द दिला, तो येथे लागू पडतो. पूर्वजांची कबर सजविणे सोपे आहे. त्यांचा विश्वास व त्यांचे पाप, दोन्ही खरेपणाने वाचणे कठीण आहे. जुन्या दफनभूमीत जाणाऱ्याने हे दोन्ही वाचले पाहिजे.

आता त्या नात्याविषयी. या शेतात जे पेरले गेले त्याचा एक दाणा आपल्या अंगणात उगवला. झिंझेनडॉर्फ बालपणी हाले येथील शाळेत शिकत असता तरंगंबाडीहून मायदेशी आलेल्या बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग याला त्याने पाहिले होते. तमिळ नवा करार करणाऱ्या या भाषांतरकाराच्या भेटीने त्या मुलाच्या मनात मिशनकार्याची ठिणगी पडली. म्हणजे हर्नहूटच्या शेतातील बीही काही अंशी भारतातूनच गेलेले होते. पुढे १७९२ साली इंग्लंडमधील केटरिंग गावी जमलेल्या पाळकांसमोर विल्यम कॅरी याने मोरेव्हियन मिशनच्या वृत्तांताचे अंक ठेवले आणि या साध्या लोकांनी काय केले ते पाहा, असे विचारले, असे सांगतात. त्याच कॅरीच्या सेरामपूर येथील छापखान्यातून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान व १८११ साली नवा करार मराठीत बाहेर पडला. पंडित वैजनाथ या कामी त्याचे साहाय्यक होते. कॅरीने आपल्या मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की आपल्या थडग्यावर नाव, तारखा व एका भजनाच्या दोन ओळी यांपलीकडे काही लिहू नये. ९ जून १८३४ रोजी तो मरण पावला, आणि सेरामपूरलाच त्याची कबर आहे. पंडित वैजनाथांच्या नावाची शिळा मात्र मी कोठे पाहिली नाही.

हर्नहूटमध्ये जन्मलेला हाइन्रिख येश्के हा आणखी एक भाषांतरकार. हिमालयातील लाहौल खोऱ्यात केलाँग येथे राहून त्याने तिबेटी भाषेचा कोश सिद्ध केला व नव्या कराराचे बहुतांश भाषांतर केले. प्रकृती ढासळल्यामुळे तो परतला आणि १८८३ साली आपल्या गावीच वारला. तिबेटी नवा करार छापून झाला तो १८८५ साली. ज्याने शब्द पेरले त्याने पीक पाहिले नाही. माझ्यासारख्या भाषांतरकाराला त्या टेकडीवर थोडा वेळ बसून राहावेसे वाटले, ते यामुळे.

६. आपल्या गावची दफनभूमी

आता घरी परत येऊ. आपल्यापैकी कित्येकांच्या गावी अशी एक जागा आहे. ती हर्नहूटसारखी नेटकी नसेल. तेथे लिंब असेल, बाभळी असतील, मोडके कुंपण असेल. तरी तीही देवाचे शेतच आहे. तेथे जाताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली गोष्ट : सावकाश जावे आणि नावे मोठ्याने वाचावी. एकाच वर्षाच्या पुष्कळ कबरी दिसल्या तर त्या वर्षी दुष्काळ होता की साथ, याचा शोध घ्यावा. लहान मुलांच्या कबरी चुकवू नयेत. मंडळीचा इतिहास अध्यक्षांच्या तसबिरींपेक्षा तेथे अधिक खरा सापडतो.

दुसरी गोष्ट : जे दिसेल ते लिहून घ्यावे व छायाचित्रे काढून ठेवावी. जुन्या दगडावर तीव्र रसायने अथवा तारेचा ब्रश वापरू नये; मऊ ब्रश व स्वच्छ पाणी पुरेसे आहे. अक्षरांत नवा रंग भरण्यापूर्वी जाणत्यास विचारावे. पाळकांकडील दफनाची जुनी नोंदवही कोठे आहे, तिला वाळवी तर लागली नाही ना, हे पाहावे. वृद्धांस सोबत न्यावे, कारण पुष्कळ कबरींची खूण आता केवळ त्यांच्या काठीच्या टोकाशी उरली आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. दफनभूमीत आपण समान आहोत काय, हे पाहावे. पूर्वी गोऱ्यांची दफनभूमी वेगळी व देशी ख्रिस्ती लोकांची वेगळी असे. आज आपल्या देशात काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीनुसार भाग पाडलेले आहेत, आणि काही ठिकाणी तर मध्ये भिंत उभी आहे. ज्यांनी एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतले त्यांच्या अस्थींमध्ये विटा रचल्या जातात. शेवटच्या दिवशी प्रभूची वाणी होईल, तेव्हा भिंतीच्या या बाजूचे आधी व त्या बाजूचे नंतर, असे उठणार आहेत काय? दगडाच्या उंचीने व भिंतीच्या रुंदीने आपण जे बोलतो, ते व्यासपीठावरून केलेल्या पुनरुत्थानाच्या उपदेशास खोटे पाडते.

ज्यांना दूरचा प्रवास शक्य असेल त्यांनी सेरामपूर पाहावे. ज्यांना महाराष्ट्रातच जाणे सोयीचे असेल त्यांनी केडगावला जावे. तेथे पंडिता रमाबाई विसावल्या आहेत. मूळ भाषांवरून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, आणि ते शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. पण आधी आपल्या गावच्या लिंबाखाली जावे.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. प्रभूला खुणेची गरज नाही. शेतकरी पेरलेल्या प्रत्येक दाण्यावर काठी रोवीत नाही; शेत कोणाचे आहे, एवढे पुरते. आजोबांची कबर मला सापडली नाही म्हणून ते हरवले नाहीत. तथापि आठवण ठेवणे हे आपल्याकडे सोपविलेले काम आहे. योसेफ व निकदेम यांनी प्रभूचे शरीर बागेतल्या कबरीत ठेवले, तेव्हा तो तिसऱ्या दिवशी उठेल हे त्यांस कळले नव्हते. तरी त्यांनी सुगंधी द्रव्ये आणली, तागाची वस्त्रे आणली, आणि जे करता येण्यासारखे होते ते सर्व केले. रविवारी पहाटे त्याच बागेत मरियेने प्रभूला माळी समजून हाक मारली. ती ओळखण्यात चुकली, पण तो शेताचा धनी होता, हे खरेच.

गेल्या नाताळापूर्वी त्या गावच्या मंडळीची दफनाची नोंदवही एका पेटीत सापडली. तीत आजोबांचे नाव, वय व तारीख, आणि त्यापुढे 'मास्तर' एवढा एक शब्द आहे. कबरीची जागा लिहिलेली नाही. वहीतील नावे आम्ही उतरवून काढली. बहुतेकांच्या कबरी आता ओळखू येत नाहीत. म्हणून मंडळीने ठरविले आहे की रान साफ करावे, आणि लिंबाखाली सर्वांसाठी मिळून एकच आडवी शिळा बसवावी. ज्या क्रमाने ते घरी गेले त्या क्रमाने सर्व नावे तिच्यावर कोरावी. त्या वृद्ध भगिनींना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "खाली थोडी जागा सोडा, बाबा. आम्हीबी हायेतच की."

मननासाठी प्रश्न

१. उत्पत्ती २३ मध्ये अब्राहामाने फुकट मिळणारी कबर का नाकारली असावी? त्याच्या विश्वासाविषयी यातून काय कळते?

२. 'स्मरणाची जागा', 'निजण्याची जागा' व 'देवाचे शेत' या तीन नावांपैकी आपल्या गावच्या दफनभूमीस आज कोणते शोभते? का?

३. मत्तय २३:२९-३१ वाचा. आपल्या मंडळीच्या पूर्वजांची कोणती गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि कोणती सांगत नाही?

४. आपल्या दफनभूमीत कोणाला जागा नाकारली जाते काय? मंडळी म्हणून आपण त्याविषयी काय करू शकतो?